पाठीशी असणाऱ्यांनी नेमके कुठे असावे

लांब पल्ल्याच्या सायकल प्रवासात माणूस चढाने, वाऱ्याने आणि उन्हाने दमतो, हे सगळ्यांना माहीत आहे. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. चढ आपल्या जागी असतो, वारा दुपारी सुटतो, ऊन बाराला तापते. तिघेही ठरल्या वेळी येतात, त्यामुळे त्यांची तयारी करता येते. माझी तक्रार सोबतीबद्दल आहे. पुणे ते कन्याकुमारी हा पंधराशे-सोळाशे किलोमीटरचा रस्ता मी घरच्यांच्या आणि मित्रांच्या मदतीने केला, आणि या मदतीने मला जितके थकवले तितके खंबाटकीपासून नागरकोविलपर्यंत कुठल्याच रस्त्याने थकवले नाही. त्यांनी रजा टाकल्या, डिझेलचे पैसे घातले, माझ्यासाठी पहाटे उठले. त्याचे ऋण मी मानतो. पण ऋण मानले म्हणून गप्प बसावे असे नाही. दर हिवाळ्यात पुण्या-कोल्हापुरातून, नाशकातून, मुंबईतून सायकलींचे गट दक्षिणेकडे निघतात आणि त्यांच्यामागे अशाच गाड्या निघतात. त्या गाड्यांत बसणाऱ्यांसाठी हे कोणीतरी लिहायला हवे.

सुरुवात निघण्यापासूनच करतो. निघायचे पाचला ठरले होते. पाचच का, हे मी आठवडाभर सगळ्यांना समजावत होतो. पाचला निघाले की कात्रजचा चढ गार हवेत, ट्रक कमी असताना संपतो. खंबाटकी ऊन चढायच्या आत मागे पडतो आणि दुपारचा विसावा साताऱ्याच्या पुढे घेता येतो. प्रत्यक्षात औक्षण झाले, नारळ फुटला, गाडीच्या मागच्या काचेवर बॅनर बांधला गेला, तो तिरपा वाटला म्हणून सोडून पुन्हा बांधला गेला. एक काका कोथरूडहून यायचे होते, त्यांच्यासाठी सगळे थांबले. काका आले, आशीर्वाद दिला आणि आता एक फोटो सगळ्यांचा हवा म्हणाले. तोवर उजाडले होते.

सकाळचा एक तास आणि दुपारचा एक तास घड्याळात सारखेच दिसतात, सायकलवर ते सारखे नसतात. पहाटेच्या गारव्यात जे अंतर हसत कापले जाते, तेच दीड वाजता डांबराच्या झळा अंगावर घेत कापावे लागले की वेग पडतो, पाणी दुप्पट लागते आणि थांबे वाढतात. डिसेंबरात सहा-सव्वासहाला सूर्य मावळतो. म्हणजे सकाळी गेलेला तास संध्याकाळी अंधारात, समोरच्या गाड्यांच्या झोतात, दमलेल्या पायांनी भरून काढायचा असतो. निरोप देणाऱ्यांना हे दिसत नाही, कारण ते सात वाजता घरी जाऊन चहा घेतात. निरोप आदल्या रात्री द्यावा. औक्षण आदल्या रात्रीही होते.

सोबत निघालेल्या मित्रांचेही असेच. ते कात्रजपर्यंत सोडायला येतात. पुढे त्यांना ऑफिस असते, त्यामुळे त्यांचे पाय ताजे असतात आणि दिवसभराचा हिशेब त्यांच्या डोक्यात नसतो. ते वेगाने पुढे जातात, मग वळून बघतात, थांबतात, मी जवळ आलो की पुन्हा सुटतात. सायकलवर पुढच्या चाकाच्या मागे लागून चालले तर वाऱ्याचा भार चांगलाच हलका होतो, सपाटीवर चौथाईच्या आसपास श्रम वाचू शकतात. पण त्यासाठी पुढच्याने एका लयीत चालवावे लागते. एकदा जोर, एकदा ब्रेक, मध्येच मागे वळून गप्पा, असे असले की काहीच वाचत नाही, उलट प्रत्येक वेळी नव्याने वेग घ्यावा लागतो. सोळाशे किलोमीटर जायचे असेल तर पहिल्या दिवशीचा चढ असा चढायचा असतो की वर पोचल्यावर बोलता आले पाहिजे. मित्रांचा मान राखण्यात कात्रजलाच मला धाप लागली. मग त्यांनी बोगद्याजवळ फोटो काढले, मिसळ खायला मागे वळले आणि दुपारी ‘कुठवर?’ असे विचारले.

आता गाडीबद्दल. यावर मी थोडा सविस्तर लिहिणार आहे, कारण गाडीबद्दल लोकांचा फार गैरसमज आहे. सोबतची गाडी म्हणजे सायकलच्या मागे मागे चालणारी गाडी, अशी सगळ्यांची कल्पना असते. आमची गाडी मेहुणे चालवत होते. स्वभावाने अतिशय काळजीवाहू माणूस. त्यांनी पहिल्याच सकाळी मागून कोणी धडकू नये म्हणून दोन्ही इंडिकेटर लावले आणि माझ्या मागे दहा-पंधरा फुटांवर, माझ्याच वेगाने गाडी ठेवली. हमरस्त्यावर ताशी वीसच्या वेगाने चालणारी मोटार हा स्वतःच एक धोका असतो. मागचे ट्रक शेवटच्या क्षणी बाहेर निघतात, हॉर्न वाजवतात, पुढे गेल्यावर डावीकडे दाबतात, आणि तिथे मी असतो. एकट्या सायकलला ट्रकवाला लांबून ओळखतो आणि सहज वळसा घालतो. सायकल अधिक गाडी असा जो हळू चालणारा लांब ऐवज तयार होतो, त्याला वळसा घालणे अवघड. शिवाय दिवसभर मागे इंजिनाची घरघर. रस्त्याचा आवाज, मागून येणाऱ्या वाहनाचा आवाज हे सायकलस्वाराचे कान असतात, आरशाइतकेच कामाचे. ते बंद झाले की माणूस सारखा मान वळवून बघतो, आणि मान वळली की हँडलही किंचित वळते.

मी मेहुण्यांना म्हणालो, ‘‘दादा, तुम्ही पुढे जा. पंचवीस किलोमीटरवर सावलीत थांबा.’’ ते म्हणाले, ‘‘आणि मध्येच काही झालं तर?’’ मध्येच काही झाले तर माझ्याकडे फोन आहे, हे उत्तर त्यांना पटत नव्हते. शेवटी ते पुढे गेले, पण अर्धा किलोमीटरच. तिथे थांबायचे, मी आलो की हात करायचा, मी पुढे गेलो की पुन्हा मला ओलांडून अर्धा किलोमीटर. कराडपासून कोल्हापूरपर्यंत आमचे हे चालले. दर दोन मिनिटांनी एक ओळखीची गाडी मला ओलांडून डाव्या अंगाला घेत थांबत होती आणि दर वेळी मला तिला वळसा घालायला रस्त्याच्या आत यावे लागत होते.

संध्याकाळी अंधार पडला की ते पुन्हा मागे यायचे आणि मला रस्ता दिसावा म्हणून वरचा दिवा लावायचे. मागून प्रखर उजेड आला की स्वाराची सावली बरोबर त्याच्या पुढच्या चाकाच्या रस्त्यावर पडते. खड्डा त्या सावलीत असतो. माझ्या सायकलचा दिवा चांगला होता, त्याचा उजेड पुसला गेला आणि सावली तेवढी उरली.

अमेरिकेतल्या ‘रेस अक्रॉस अमेरिका’ या शर्यतीत रात्री मदतीची गाडी स्वाराच्या मागे असावीच लागते, हे मेहुण्यांनी वाचले होते. खरे आहे ते. पण तिथे ती गाडी काय करते हेही वाचायला हवे. पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत साधारण ४८०० किलोमीटर, दिवस-रात्र. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये दोघांचा संघ करून ती नऊ दिवसांच्या मुदतीत पूर्ण केली. २०१७ मध्ये लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकेकट्याने, बारा दिवसांच्या मुदतीत पूर्ण केली. अशा शर्यतीतल्या क्रूमध्ये कामे वाटलेली असतात. कोण चालवणार, कोण रस्ता सांगणार, कोण बाटली भरणार, स्वाराने तासाला किती खाल्ले याची नोंद कोण ठेवणार, कोणी कधी झोपायचे. तिथे गाडीतला माणूस स्वाराइतकाच तयारीचा असतो. उलट टोकाला ब्रेव्हे म्हणजे ठरल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब सायकल फेऱ्या असतात, २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ६०० किलोमीटर चाळीस तासांत. त्यात मागे गाडी ठेवायला मनाईच आहे, मदत घ्यायची ती फक्त ठरलेल्या तपासणी नाक्यावर. दोन्ही पद्धतींत एक गोष्ट समान आहे. मदत कुठे मिळणार आणि कुठे मिळणार नाही हे स्वाराला आधी माहीत असते. आमच्याकडे ते कोणालाच माहीत नव्हते, आणि मला त्रास त्याचाच झाला.

मुर्डेश्वरचे सांगतो. कारवार, अंकोला सोडले, होन्नावरला शरावतीचा पूल ओलांडला. कर्नाटकचा तो किनारा सपाट वाटतो पण सपाट नाही, सारखे चढ-उतार आहेत. दमट हवेत घाम वाळत नाही, बाटल्या लवकर संपतात. महामार्गावर मुर्डेश्वरच्या कमानीपाशी गाडी थांबणार असे ठरले होते. मी तिथे पोचलो तेव्हा दोन्ही बाटल्या रिकाम्या होत्या आणि गाडी नव्हती. फोन लागत नव्हते. मंडळी देवळात गेली होती. तिथला शंकराचा पुतळा १२३ फूट उंच आहे, गोपूर २३७ फुटांच्या वर आहे आणि गोपुरात वर न्यायला लिफ्ट आहे. त्या लिफ्टची रांग मोठी होती. त्यांनी देव पाहू नये असे मी कधीच म्हणणार नाही. त्यांनीही सुट्टी घालवली होती. पण पाणी, मीठ, केळी, सुटी ट्यूब आणि माझे पैशाचे पाकीट असे सगळे गाडीत असताना गाडी कुलूप लावून वाहनतळावर ठेवणे आणि आत जाताना एक निरोपही न ठेवणे हे योग्य नाही. मी शेजारच्या टपरीवाल्याला परिस्थिती सांगितली. त्याने दोन शहाळी उधार दिली. भाषा एकमेकांची येत नव्हती तरी त्याला माझी गरज एका नजरेत कळली. तासाभराने आमची मंडळी आली आणि मी किती लाल झालो आहे यावर बोलू लागली.

निरोप ठेवला होता, असे नंतर निष्पन्न झाले. तो व्हॉट्सॲपच्या गटावर होता. प्रवासासाठी एक गट काढला होता, त्यात आधी गाडीतली माणसे होती, मग दोन्हीकडचे नातेवाईक आले, मग सोसायटीतले. माझे ठिकाण सगळ्यांना नकाशावर हलताना दिसत होते. तरीही दिवसभर ‘कुठे पोचलास?’ असे विचारले जाई. ‘आम्ही देवळात चाललोय, तू सरळ पुढे भटकळला थांब’ हे वाक्य त्या गटावर नमस्काराच्या हातांच्या, अंगठ्यांच्या आणि सुप्रभाताच्या फुलांच्या खाली कुठेतरी गाडले गेले होते. सायकल चालवताना फोन हँडलवरच्या पिशवीत असतो. तो वाजला की थांबावे लागते, हातमोजा काढावा लागतो, आणि चढावर थांबले की पुन्हा चढणे सुरू करणे हे वेगळेच श्रमाचे काम. दर फोनवर माझ्या तब्येतीची चौकशी होती. मी थांबलो नसतो तर माझी तब्येत त्याहून बरी राहिली असती. मला फोन एकाच माणसाने करावा, तो गाडीतल्याने, आणि ठिकाण बदलले तरच. बाकीच्यांनी त्या माणसाला विचारावे.

खाण्याच्या बाबतीत आत्यांनी जे केले त्यामागचा जीव मला कळतो. बेसनाचे लाडू, शंकरपाळे, चिवडा, मेथीचे ठेपले, तिखटमिठाच्या पुऱ्या, सगळे डब्यांत भरून, डब्यांवर वार लिहून. पण लांब पल्ल्याच्या सायकलवर कोरडा पदार्थ गिळवत नाही. तोंडात लाळ नसते. लाडूचा बकाणा भरून चढ चढता येत नाही, चिवडा श्वासाबरोबर घशात जातो. शरीरात साखरेचा जो साठा असतो तो दोन-तीन तासांच्या जोरदार मेहनतीत बराचसा संपतो. त्यानंतर दर तासाला साठ ग्रॅमच्या आसपास पिष्टमय अन्न पोटात जात राहिले पाहिजे, नाहीतर पायातला जीव अचानक जातो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. मध्यम केळ्यातून पंचवीसएक ग्रॅम मिळते. मीठ लावलेला उकडलेला बटाटा, गुळाची चिक्की, दहीभात, लिंबू-मीठ-साखरेचे पाणी, एवढे पुरते. तूप आणि बेसन पचवायला पोटाला जे रक्त लागते ते त्या वेळी पायांना हवे असते.

हे सगळे मी आधी सांगितले होते. तरी उडुपीत, जिथे सकाळी सहाला वाफेवरची इडली पानात पडते, तिथे आम्ही खोलीत बसून पुण्याचे ठेपले खाल्ले, कारण ते संपवायला हवे होते. मंगळूरला केळ्याचे बन्स मला बाहेर दिसत होते. केरळात शिरल्यावर वाफवलेली नेंद्र केळी जागोजागी मिळत होती. सायकलस्वारासाठी याहून उत्तम अन्न मला माहीत नाही, गोड, मऊ, गरम, पोटभर. ती मी स्वतः विकत घ्यायचो आणि पोचेपर्यंत गाडीत शंकरपाळ्याचा डबा उघडलेला असायचा. मी एक-दोन घ्यायचो, कारण नाही म्हटले तर रात्री फोनवर आत्यांना कळायचे.

कासरगोडच्या अलीकडे मागचे चाक पंक्चर झाले. काच होती. गाडीत दोन नव्या ट्यूब होत्या, मित्राने आणून दिलेल्या. त्याला मी मापाचा कागद दिला होता, टायरच्या भिंतीवर असतात ते आकडे, जसेच्या तसे. त्याने त्याच्या स्वतःच्या सायकलच्या मापाच्या आणल्या. माझे चाक ७०० चे, ट्यूब २६ ची. शिवाय व्हॉल्व्ह मोटारीसारखा जाड, माझ्या रिमचे भोक बारीक व्हॉल्व्हचे. ट्यूबच आत बसणार नव्हती. जुनी ट्यूब काढून ठिगळ लावले, हातपंपाने हवा भरली. हातपंपाने टायरला लागते तितकी हवा भरेपर्यंत खांदे भरून येतात. मेहुणे म्हणाले पेट्रोल पंप दोन किलोमीटरवर आहे. तिथली नळी बारीक व्हॉल्व्हला बसत नाही, त्यासाठी एक पितळी अडॅप्टर लागतो, नखाएवढा. तो मी पुण्यात मेहुण्यांच्या हातात दिला होता. तो कन्याकुमारीनंतर गाडीच्या पायपुसण्याखाली सापडला.

उभ्या सायकलचे गिअर कोणी बदलू नयेत. ही सूचना मी रोज करत होतो. सायकल भिंतीला टेकवून मी हात धुवायला गेलो की भाचा येऊन खटके दाबून बघायचा, मग धाब्यावरचे लोक यायचे, भाचा त्यांनाही दाखवायचा. उभ्या सायकलवर खटका दाबला की साखळी जागची हलत नाही, पण यंत्र बदललेल्या दात्याकडे ओढ घेऊन बसते. मी येतो, टांग टाकतो, पूर्ण वजन पॅडलवर देतो, आणि साखळी एकदम तीन-चार दाते उडते. कधी ती आरे आणि दात्यांच्या मध्ये जाऊन अडकते. कण्णूरच्या बाहेर तशी अडकली. भाचा हुशार मुलगा आहे, अभियांत्रिकीला आहे. त्याला हे मी चित्र काढून दाखवले. त्याने ते समजून घेतले आणि दुसऱ्या दिवशी इतरांना खटके दाबून समजावून दिले.

फोटो हा भाच्याचाच विभाग. मला चालत्या गाडीतून खिडकीबाहेर झुकून ‘‘मामा, इकडे बघ!’’ अशी हाक मारू नये. ताशी पंचवीसच्या वेगात मी उजवीकडे बघितले तर सायकल उजवीकडे जाते. मरवंतेला महामार्ग एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला सौपर्णिका नदी अशा चिंचोळ्या पट्टीवरून जातो. तशी जागा मी दुसरी पाहिलेली नाही. तिथून सायकल चालवायची म्हणून मी कित्येक महिने नकाशा बघत होतो. तिथे मला मागे पाठवले गेले, कारण मध्ये टेम्पो आला होता. मग पुन्हा मागे, कारण मी हसत नव्हतो. समुद्रावरून येणारा दुपारचा वारा आडवा लागत होता. ज्या ठिकाणी मला माझ्या लयीत, एका दमात, दोन्हीकडचे पाणी बघत जायचे होते, तिथे मी दुधवाल्यासारखी ये-जा केली. फोटो फार सुंदर आले आहेत आणि ते दिवाणखान्यात लावले आहेत. पण तो रस्ता माझ्या वाट्याला पूर्ण आला नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

मुक्कामाच्या जागा मंडळींनी निवडल्या. हॉटेल महामार्गापासून आत पाच-सहा किलोमीटर असले तर मोटारीला दहा मिनिटे लागतात. शंभरावर किलोमीटर झाल्यावर सायकलने तेच अंतर, तेही चढाचे, आणि पहाटे पुन्हा तितकेच उलटे. खोली तळमजल्यावर हवी, सायकल खोलीत घेऊ देतात का ते आधी विचारायला हवे. याहून महत्त्वाचे म्हणजे पंखा. सायकलच्या चड्डीला आत जाड गादी असते. ती रोज धुवावी लागते आणि सकाळपर्यंत पूर्ण वाळावी लागते. ओलसर राहिली तर दोन तासांत कातडी सोलवटते, आणि ते सुरू झाले की प्रवास तिथेच संपू शकतो. किनाऱ्यावरच्या हवेत ती पंख्याखालीच वाळते. मी ती पंख्याखाली खुर्चीवर पसरायचो. मी झोपलो की ती बाथरूममध्ये नेऊन टांगली जायची, कारण खोलीत ते बरे दिसत नाही. पहाटे चारला मी अंधारात ओली चड्डी चाचपत असे.

सत्काराबद्दल थोडक्यात. कोणाचे तरी साडू, कोणाचे बँकेतले सहकारी, एक-दोन शहरांतली मराठी मंडळी भेटायला आली. माणसे प्रेमाची होती. परमुलखात मराठी कानावर पडले की मला भरून यायचे, हे खरे आहे. पण मंगळूरच्या दमट दुपारी घामाने चिंब अंगावर शाल घालून उभे करू नये. आधी आंघोळ, मग शाल. आणि भाषणाच्या वेळी बसायला खुर्ची.

केरळात राष्ट्रीय महामार्ग ६६ सहापदरी करण्याचे काम चालू होते. मैलोन्मैल खोदकाम, मधोमध काँक्रीटच्या भिंती, सगळी वाहतूक अरुंद सेवारस्त्यावर. तिथे गाडीला थांबायला जागाच नव्हती. कोळिकोडच्या पुढे मेहुण्यांना नाइलाजाने पुढे जावे लागले, पंचवीस-तीस किलोमीटर, आणि जिथे पेट्रोल पंप किंवा देवळाचे आवार मिळेल तिथे थांबावे लागले. थांबल्याचे ठिकाण ते मला एका वाक्यात कळवत, कारण गाडी चालवताना जास्त लिहिता येत नव्हते. मी पोचलो की बाटल्या भरलेल्या असत, केळी सोललेली नसत पण बाहेर काढलेली असत. पाच मिनिटांत मी निघे. मध्ये कोणी मला ओलांडत नव्हते, कोणी हाका मारत नव्हते. गुरुवायूर, कोची, अलप्पुळा, कोल्लम असे मी गेलो आणि त्या रस्त्यावर धूळ, खड्डे आणि बसगाड्यांचा भयंकर त्रास असूनही माझा सगळ्यात चांगला वेग तिथे लागला. मेहुण्यांनाही तिथे विश्रांती मिळाली. अलप्पुळ्यात त्यांनी मला सांगितले की त्यांचा क्लचचा पाय आता दुखत नाही. कात्रजला मी जे मागत होतो ते हेच होते. ते मला रस्ता खोदणाऱ्यांनी मिळवून दिले, ही गोष्ट माझ्या मनाला लागली आहे.

यावर मला नेहमी ऐकवले जाते की मग एकटा का जात नाहीस. १९२३ मध्ये मुंबईहून अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा निघाले आणि जगाला फेरी घालून १९२८ मध्ये परतले, त्यांच्यामागे कुठली गाडी होती? पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने २०१८ मध्ये २९,००० किलोमीटरची जगप्रदक्षिणा १५९ दिवसांत केली, तीही बहुतांश एकटीने. त्यांच्याबद्दल मला अतिशय आदर आहे. पण मला एकटे जायचे नाही. संध्याकाळी पोचल्यावर ओळखीच्या आवाजाने कोणीतरी ‘दमलास का’ विचारावे, आपल्या भाषेत जेवण व्हावे, दिवसभरात कुठला चढ कसा होता ते ऐकायला कोणी असावे, हे मला हवे असते. मेहुणे, भाचा, ही सगळी माणसे मला हवी आहेत. म्हणूनच त्यांनी कुठे उभे राहावे याबद्दल मी इतका आग्रही आहे. नको असलेल्या माणसांशी मी या विषयावर बोललोही नसतो.

कन्याकुमारीला मंडळी माझ्या आधी पोचली होती. विवेकानंद शिला दिसते त्या बाजूला ती सगळी उभी होती. हार होता, बॅनर होता, बायकोने डोळे पुसले, मीही पुसले. लाल केळी आणून ठेवली होती, माझ्यासाठी, न सांगता. ती मी तिथेच उभ्याने खाल्ली. मग सायकल गाडीत भरायची वेळ झाली. पुढचे चाक काढले, हँडल फिरवले. मी एक गोष्ट सगळ्यांना समोर उभे करून सांगितली, जी पुण्यातही सांगितली होती. सायकल आडवी ठेवायची तर साखळीची आणि गिअरची बाजू वर आली पाहिजे. मागच्या गिअरचे यंत्र ज्या छोट्या पट्टीला लटकते ती मुद्दामच मऊ धातूची असते, भार पडला की ती वाकते, आणि ती वाकली की एकही गिअर धड बसत नाही. सगळ्यांनी मान डोलावली. मी आंघोळीला गेलो. पुण्यात पोचून डिकी उघडली तेव्हा सायकल गिअरच्या बाजूवर होती आणि तिच्यावर तीन बॅगा होत्या, त्यातल्या एकीत सत्काराचे नारळ.